टिकलीचं मनगट

रूपाली कुरणे आमच्या घरी पहिल्यांदा आली ती माझ्या आईच्या खुब्याचा एक्स-रे काढायला. आई न्हाणीत घसरून पडली होती. तिला तीन जिने उतरवून दवाखान्यात न्यायची माझी हिंमत होईना, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी एक नंबर दिला आणि म्हणाले, "त्या घरी येऊन काढतात." तासाभरात एक लाल ओम्नी फाटकाशी थांबली आणि पस्तिशीची, ठेंगणी, दंडानं भक्कम बाई एका हातात यंत्राची पेटी आणि दुसऱ्या हातात स्टँड घेऊन वर आली. मी मदतीला पुढं झालो, तर म्हणाली, "राहू दे सर, सवय हाय मला."

आईच्या खाली प्लेट सरकवताना तिनं एकदाही आईला दुखू दिलं नाही. "आक्का, श्वास धरा. सोडा." दोन मिनिटांत लॅपटॉपवर चित्र आलं. तिनं ते जवळ घेऊन, लांब धरून पाहिलं. "डॉक्टर सांगतील ते खरं, पण मला तर कुठं मोडल्याची रेघ दिसत न्हाय. मुका मार असावा," ती म्हणाली, आणि आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला.

फोटो डॉक्टरांना पाठवताना तिच्या लॅपटॉपवर चुकून दुसरंच चित्र उघडलं. वर एक जाड खांब, खाली एक खांब आणि मधे दोन थरांत घट्ट बसवलेली चौकोनी हाडं. जुन्या बांधकामात दगड बसवतात तशी.

"हे माणसाचं नाही," मी म्हणालो.

"घोडीचं हाय. टिकली म्हणून एक घोडी हाय, तिच्या पुढच्या पायाचं. सांगा बघू, कुठला सांधा?"

मी चित्रकलेचा शिक्षक. एकतीस वर्षं मी फळ्यावर घोडे काढत आलो. "गुडघा," मी सांगून टाकलं.

"मनगट," ती म्हणाली.

मला ते पटलं नाही हे तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं. तिनं लॅपटॉप बाजूला सारला आणि मला टेबलावर हात उभा धरायला लावला. "आता सगळा भार मधल्या बोटाच्या टोकावर द्या. बाकीची बोटं न्हाईतच असं समजा. त्या बोटाचं नख जाड करा, टोकाभोवती गुंडाळा. झालं खूर. हे बोटाचं मूळ, म्हंजे खुराच्या वरचा सांधा. ह्यो तळहात, म्हंजे नळीचं हाड. आन् ह्ये मनगट. घोड्याचं कोपर वर छातीला चिकटलेलं असतंय. एवढं मोठं जनावर, सर, एकेका बोटावर उभं राहून पळतंय."

तिचा आवाज चढला होता. आई पलंगावरून, दुखणं विसरून, स्वतःचं बोट पांघरुणावर टेकवून बघत होती. मी खुर्चीत बसून माझे सगळे घोडे डोळ्यांपुढं आणले आणि त्यांचे गुडघे मनातल्या मनात मनगटं करत गेलो.

रूपालीचं गाव हातकणंगले तालुक्यात. वडील यल्लाप्पा कुरणे, सगळे त्यांना आप्पा म्हणत, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगच्या कामाला होते. रूपाली नऊ-दहा वर्षांची असताना एकदा आप्पांनी तिला टाकून द्यायची एक एक्स-रे फिल्म घरी आणून दाखवली होती. लोखंडाचा ओतलेला भाग वरून गुळगुळीत, आणि फिल्मवर त्याच्या पोटात बुडबुड्याएवढं भोक. लोखंडाच्या आत बघता येतं हे कळल्यावर त्या पोरीनं ती फिल्म दिवसभर खिडकीवर धरली. बारावीनंतर तिनं क्ष-किरण तंत्रज्ञाचा डिप्लोमा केला, गावच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत बसून. मग सहा वर्षं कोल्हापुरात एका दवाखान्यात नोकरी, आणि नंतर स्वतःचं हलवता येणारं यंत्र. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती फोटो काढू लागली. चांगलं चाललं होतं.

आणि मग जनावरांचे डॉक्टर विश्वजित इंगवले यांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "घोडीच्या पायाचा एक्स-रे काढशील काय?" ती 'काढते की' म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण घोडा जवळून कधी नीट बघितलेलासुद्धा नाही. डॉक्टरांनी तिला सांगाड्याची चित्रं पाठवली. त्याच संध्याकाळी स्वयंपाकाच्या ओट्यावर बोट टेकवून ती आप्पांना हाका मारत होती.

टिकली ही सयाजी खोतांची घोडी. खोत हातकणंगल्याच्या अलीकडं मळ्यात राहतात. चार म्हशी, ऊस, आणि घोडागाडीच्या शर्यतीचा नाद. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका म्हणून घोडीचं नाव टिकली. दोन वर्षं ती बक्षिसात होती आणि आता डाव्या पुढच्या पायानं किंचित लंगडत होती. किंचितच. चालताना कळायचं नाही, दुडक्या चालीत कळायचं.

पहिल्या फेरीत रूपालीनं चार बाजूंनी चार फोटो काढले. समोरून, बाजूनं आणि दोन तिरके. त्या फोटोंत काहीच सापडलं नाही. मग डॉक्टरांनी त्या मनगटाच्या सांध्यात भुलीचं इंजेक्शन दिलं आणि घोडीला पळवून बघितलं. लंगडणं थांबलं. म्हणजे दुखणं तिथंच होतं, फक्त दिसत नव्हतं.

"काय न्हाय म्हंजे पळवायची?" सयाजीरावांनी विचारलं. तीन आठवड्यांवर जत्रेची शर्यत होती.

डॉक्टर म्हणाले, "मला चार दिवस द्या."

रूपाली आमच्या घरी आली तेव्हा त्या चार दिवसांतला दुसरा दिवस चालू होता. तेच चारही फोटो ती सारखे उघडून बघत होती. "सर, एक गोष्ट सांगते," ती यंत्र आवरता आवरता म्हणाली. "माणसाच्या गुडघ्याच्या वाटीचा फोटो काढताना पाय दुमडून वरून काढतात. समोरून जे झाकलेलं असतंय, ते वरून उघडं पडतंय. घोडीचं मनगट दुमडून तसाच काढला तर?" डॉक्टर इंगवल्यांना तिनं विचारलं होतं. ते म्हणाले, पुस्तकात आहे, पण मी कधी काढून बघितलेला नाही.

"गुरुवारी सकाळी जाणार हाय. येताय काय?" तिनं विचारलं.

आईजवळ बहीण होती. मी वही-पेन्सिल घेऊन ओम्नीत बसलो.

वाटेत शिरोलीत थांबून आम्ही आप्पांना घेतलं. निवृत्त झाले तरी त्यांचे हात रिकामे नव्हते. पायाजवळ हातानं प्लेट धरली तर किरणं धरणाऱ्याच्या बोटांवर पडतात, म्हणून त्यांनी एका ओळखीच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमची चौकट करून तिला हातभर लांब दांडा जोडला होता. चौकटीच्या आत त्यांनी जुन्या रबरी चपलेचे तुकडे लावले होते. "म्हंजे प्लेट खडखडायची न्हाय," ते म्हणाले.

मळ्यात डॉक्टर आधीच पोचले होते. सयाजीराव उंच, कमी बोलणारे. त्यांची आई चिमणाबाई त्यांच्या कमरेएवढी, पण टिकली ऐकायची ती तिचंच. शिंगरू असल्यापासून तिनंच वाढवलेली. पहिल्या फेरीत यंत्राचा 'टुक' आवाज झाला की घोडी मान झटकायची, आणि फोटो हलायचा. यावेळी चिमणाबाईनं ओच्यात गुळाचे खडे आणले होते.

"वाजवा बघू त्ये," ती रूपालीला म्हणाली.

रूपालीनं किरणं न सोडता नुसता आवाज केला. टिकली दचकली, आणि तोंडापुढं गूळ आला. पुन्हा आवाज, पुन्हा गूळ. सातव्या-आठव्या वेळी आवाज झाल्याबरोबर घोडीनं ओठ पुढं काढले. डॉक्टरांनी नंतर गुंगीचं हलकं इंजेक्शन दिलं, पण अर्धं काम त्या म्हातारीनं केलेलं होतं.

आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं. सयाजीरावांना शिशाचा एप्रन आणि हातमोजे घातले, कारण पाय दुमडून धरायला कुणीतरी लागणार होतं. आप्पा दांडा धरून दुमडलेल्या सांध्याखाली प्लेट आडवी घेऊन बसले, तेही एप्रन घालून. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसेना म्हणून मी त्याच्यावर छत्री धरली. गोठ्याच्या कुडाशी शेजारच्या मळ्यातले बाळासो उभे होते. त्यांचीही घोडागाडी होती आणि त्याच शर्यतीत धावणार होती.

पहिला फोटो. सगळे पडद्याकडं वाकले. "ह्यो हाताच्या हाडाचा टोकाचा भाग," रूपाली म्हणाली. "लई वरून मारला. आपल्याला खालचा थर पायजे."

तिनं यंत्र खाली घेतलं आणि तिरपं केलं. दुसरा फोटो. आता हाडांचा एक थर उलगडला, ओळीनं, पण तो वरचा होता. टिकलीनं आपलं आपण ओठ पुढं केले आणि गूळ घेतला.

"अजून खाली. सर, तुमची वही द्या." तिनं माझ्या वहीत दुमडलेला पाय काढला. चित्र वाईट होतं, पण रेषा बरोबर होत्या. वरच्या हाडांना न अडता खालच्या थरापर्यंत पोचायचं तर किरण कुठून यायला हवा, ते तिनं पट्टी धरून आखलं. यंत्र आणखी खाली आणलं, जवळजवळ नळीच्या हाडाच्या रेषेत, जरासं तिरपं. "सयाजीमामा, पाय थोडा पुढं ओढा. बास. आप्पा, प्लेट वर. हालू नका कुणी."

टुक.

धुकट काच वरून खाली पुसत यावी तसं पडद्यावर चित्र उमटलं. खालच्या थरातलं मधलं मोठं हाड पहिल्यांदाच एकटं, उघडं दिसत होतं, त्याच्यावर कशाचीही सावली नाही. आणि त्याच्या पुढच्या कडेपासून आत गेलेली एक काळी रेघ. केसाएवढी. सरळ.

 रूपालीनं पडद्यावर बोट टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं. "सर," ती डॉक्टरांना म्हणाली, "सर, ही रेघ उजव्या पायात हाय काय ते बघूया. आधीच बोलायचं न्हाय."

उजवा पाय दुमडला. तोच कोन, तेवढंच अंतर. ते हाड स्वच्छ होतं.

"चीर हाय," डॉक्टर म्हणाले. मग ते मोठ्यानं हसले आणि त्यांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "सापडली की. पळताना सगळा भार ह्याच हाडावर येतो. समोरून किंवा बाजूनं बघितलं तर मनगटातली हाडं एकावर एक येतात, ती कशी दिसणार!" रूपाली ओम्नीच्या दारात जाऊन बसली. मी तिला पाणी दिलं. ते न पिता ती पुन्हा उठून पडद्यापाशी गेली.

आनंद आमचा होता, घोडी मात्र सयाजीरावांची. ते हातमोजे न काढता तसेच उभे होते.

"पळवली तर?" त्यांनी विचारलं.

"तुकडा सुटेल. मग जन्माची लंगडी," डॉक्टर म्हणाले. "आता हाड जागेवर हाय, हललेलं न्हाय. चार महिने ठाणावर बांधून ठेवायची. मी पुण्याच्या एका सर्जनलाही दाखवतो."

"चार म्हैनं," सयाजीराव म्हणाले.

तेवढ्यात बाळासो पुढं झाले. "अवो सयाजीराव, केसाएवढ्या रेघंला काय भ्यायचं? दुखण्याचं एक इंजेक्शन द्या, आन् हाणा गाडी. माझ्या घोड्याला मागल्या साली तसंच केलंतं. फोटोत काय बी दिसतंय."

सयाजीरावांनी एकदा घोडीकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. त्यांना ती रेघ दिसत होती, पण कळत नव्हती, हे मला दिसलं. माझ्याही बाबतीत आठवड्यापूर्वी तेच झालं असतं.

रूपाली त्यांच्याजवळ गेली. "मामा, हात द्या तुमचा." तिनं त्यांचा हातमोजा काढला, मनगट दुमडलं आणि आपल्या अंगठ्यानं तळहाताच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटाच्या रेषेत, एक जागा दाबली. "हितं हाड हाय. घोडीला चीर पडलीय ती ह्याच हाडाला. आता भिंतीला हात लावा आन् सगळा भार द्या. तुम्हाला कळंल कुठं जोर येतोय ते." सयाजीरावांनी खरंच कुडाच्या खांबाला तळहात लावला आणि अंग टेकलं. मग मनगटावरची ती जागा दुसऱ्या हातानं चाचपली. "आता ह्या हाडात चीर हाय, आन् मागं गाडी, गाडीत माणूस, आन् भरधाव पळायचं. इंजेक्शननं दुखायचं थांबंल. चीर थांबायची न्हाय. दुखत न्हाय म्हणून ती आणखी जोरात पळंल."

"व्हय," सयाजीराव हळूच म्हणाले.

त्यांच्या आधी चिमणाबाईचं ठरलं होतं. तिनं उरलेला गूळ घोडीच्या तोंडात सारला आणि मोरखीची दोरी सोडवून हातात घेतली. "ती पळायची न्हाय. चला, च्या घ्या समदी."

बाळासो चहाला थांबले नाहीत.

पुण्याहून निरोप आला, की हाड हललेलं नाही तर विश्रांतीवर भागेल, पण ती काटेकोर हवी. सयाजीरावांनी टिकलीला वळायला जेमतेम जागा राहील असा आडोसा केला, खाली उसाच्या पाचटाचा जाड थर घातला. शर्यतीच्या दिवशी ते गावात गेलेच नाहीत, म्हशी धूत बसले.

रूपालीला मात्र आता चैन पडेना. "मी एक मोडलेलं मनगट बघितलं आन् एक चांगलं. त्यावरून काय कळतंय?" ती म्हणायची. चांगलं म्हणजे कसं, हे तिला डोळ्यांत बसवायचं होतं. सुट्टीच्या दिवशी यंत्र घेऊन डॉक्टरांबरोबर ती घोडी असतील तिथं जाऊ लागली. लग्नातली घोडी, मुलांना फिरवणारी तट्टं. जोतिबाच्या डोंगरावर एका घोडेवाल्यानं आधी हाकलून दिलं. मग घोड्याच्या पायातली हाडं पडद्यावर दिसल्यावर त्यानं आपल्या चारही घोड्यांच्या मनगटांचे फोटो काढून घेतले आणि दुकानदारांना बोलावून दाखवली. यंत्राचा आवाज आणि गूळ ही रीत तिनं सगळीकडं चालू ठेवली.

एकदा तिनं डॉक्टरांना घाईघाईनं फोन केला. दीड वर्षाच्या शिंगराच्या दोन्ही पायांत, मनगटाच्या जरा वर, आडवी मोडल्याची रेघ होती, दोन्हीकडं तंतोतंत सारखी. शिंगरू मात्र समोर उड्या मारत होतं. डॉक्टर फोनवर बराच वेळ हसत राहिले. ती वाढीची रेघ होती. हाड तिथूनच लांब होत असतं, आणि पूर्ण वाढ झाली की रेघ बुजून जाते. आपण हसं करून घेतलं याचं रूपालीला काहीच वाटलं नाही. तिनं तो फोटो मला मुद्दाम पाठवला, खाली लिहून, 'सर, ह्यो घोडा अजून चालूच हाय बनवायचं.' तो फोटो मी वर्गात दाखवला. पोरांनी आपापली मनगटं चाचपली.

टिकलीचा फोटो दोन महिन्यांनी काढला, तेव्हा रेघ होती, पण तिच्या कडा मऊ झाल्या होत्या. चार महिन्यांनी काढला तेव्हा मी पुन्हा छत्री धरून होतो. तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात काळी, दुसऱ्यात करडी, तिसऱ्यात कुठं आहे ते शोधावं लागत होतं. कडेच्या बाजूनं हाड भरत आत आलं होतं. रूपाली एकेक फोटो बोटानं मोठा करत होती, आणि चिमणाबाई तिच्या खांद्यावरून बघत होती.

"भरलं व्हय गं?" म्हातारीनं विचारलं.

"भरत आलंय, आज्जी."

"मग रडतीस कशापायी?"

रूपालीनं डोळे पुसले आणि ती हसली.

मग महिनाभर हातात धरून चालवणं, मग मऊ रानात दुडकी चाल. सयाजीरावांनी घाई केली नाही. जवळजवळ नऊ महिन्यांनी, नांगरून ठेवलेल्या वावरात, त्यांनी टिकलीला रिकामी गाडी जोडली. ती आधी चालली, मग दुडकली, मग सयाजीरावांनी न सांगता पळायला लागली. बांधावर आम्ही पाचजण होतो. सयाजीराव लगाम खेचत होते आणि हसत होते, आणि ती थांबायला तयार नव्हती. लंगडण्याचा मागमूस नव्हता. पुढच्या जत्रेत ती तिसरी आली. बक्षिसाची ढाल सयाजीरावांनी रूपालीच्या घरी नेऊन दिली. आप्पांनी ती घरात दर्शनी भागात लावली आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिची हकीकत पहिल्यापासून ऐकावी लागते.

त्याच जत्रेनंतर बाळासोंचा फोन रूपालीला आला. त्यांचा घोडा तीन आठवडे पाय टेकत नव्हता. तिनं मागचं काही काढलं नाही. यंत्र उचललं आणि गेली.

गेल्या महिन्यात जनावरांच्या डॉक्टरांचं एक शिबिर झालं. सांगली, बेळगाव, साताऱ्याकडून मिळून बावीस डॉक्टर आले होते, आणि दुमडलेल्या मनगटाचा फोटो कसा काढायचा हे दाखवायला उभी होती ती डिप्लोमावाली रूपाली.  तिनं सगळ्यांना उठवलं, टेबलांशी उभं केलं आणि मधल्या बोटावर भार द्यायला लावलं. बावीस डॉक्टर एका बोटावर तोल सावरत होते, एकमेकांकडं बघत हसत होते, आणि ती टेबलांमधून फिरत एकेकाचं मनगट धरून सांगत होती, इथं, ह्या हाडावर, इथूनच. बाहेर टेम्पोची फळी पडल्याचा आवाज झाला. त्या दिवशी तपासायचा पहिला घोडा उतरत होता, मागच्या पायानं लंगडत.

"मागच्या पायाचा मधला सांधा म्हंजे आपली टाच," रूपाली म्हणाली, आणि एप्रन चढवत सगळ्यांच्या पुढं निघाली.